नलूला पत्र: ताटाला हात लावू नकोस

मुरूड, ता. दापोली
१२ मे २०२४

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून आज दुपारी पडवीत बसून लिहायला घेतलं. फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस, मग मी रडते, आणि आकडे राहूनच जातात. आकडे कागदावर असले म्हणजे तुला भाऊजींसमोर ठेवता येतील.

तू लिहिलंस की मुंबईची नोकरी सुटल्यावर गुहागरला येऊन राहिलात तेव्हा वाटलं होतं, गावाला काय खर्च असणार! आणि आता महिन्याची तोंडमिळवणी होत नाही, म्हणून तू दूध अर्धा लिटर कमी केलंस, पेपर बंद केलास आणि घरातल्या म्हाताऱ्या अक्कांची मासळी आता फक्त रविवारी. अक्का काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने आमटी-भात जेवल्या, असंही लिहिलंस. ते वाचून माझ्या पोटात कालवलं. कारण अगदी हेच मी करून बसले आहे.

२०२० साल आठव. मार्चमध्ये पर्यटक बंद झाले, आमच्या दोन खोल्यांचं उत्पन्न थांबलं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या चार तासांत वाडी आडवी झाली. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, स्वतःच्या हातांनी लावलेल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. जवळजवळ महिनाभर वीज नव्हती. तेव्हा मी वही उघडली आणि जे जे डोळ्यांना दिसत होतं ते कापत सुटले. दूध, फळं, अंडी, मासळी. घरात मी रोज पैशांचंच बोलत होते. अण्णांनी ते ऐकलं आणि कुणाला न सांगता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. पट्टी दुप्पट दिवस पुरते, एवढाच त्यांचा हिशोब. श्रावणात एका पहाटे ते न्हाणीत पडले. अकरा दिवस दवाखाना झाला आणि त्याचं बिल भरायला मी पाटल्या मोडल्या. अण्णा वाचले, पण डावा हात अजून नीट उचलत नाहीत. मी त्यांच्यासमोर पैशांचं तसं बोलले नसते तर, हा विचार चार वर्षांत एकाही दिवशी सुटलेला नाही.

आणि त्याच घरात वीज परत आल्यावर गीझर दिवसाला दीड तास चालत होता, नलू. तिकडे माझं लक्षच नव्हतं. ताट समोर दिसतं, मीटर ओटीच्या कोपऱ्यात उंचावर असतो.

म्हणून आज संध्याकाळी अक्कांसाठी मासे आण. मग पुढचं वाच.

तू बिलाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. ३१८ युनिट, ३,८०० रुपयांच्या वर. त्यात एक गोष्ट नीट बघ. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा आणि तीनशेच्या पुढचा आणखी वेगळा. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे पैसे, धरला तर शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या जवळजवळ दुप्पट दराने पडतं, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तू जे युनिट वाचवशील ते नेहमी वरच्या, महागातल्या टप्प्यातलं असतं. तुझं वाचलेलं एक युनिट सुमारे १३ रुपयांचं आहे. रोज एक युनिट वाचलं तर महिन्याला चारशे रुपये होतात. अक्कांचे आठवड्यातून दोनदा बांगडे त्यात सहज बसतात.

आता तुझी युनिटं जातात कुठे ते बघू. गीझर २,००० वॅटचा. अर्धा तास चालला की एक युनिट. पाच माणसांच्या आंघोळी मिळून दीड तास धर, रोज ३ युनिट, महिन्याला ९०. पहिला स्वस्त टप्पा जवळजवळ सगळा न्हाणीतच संपला. आणि तुझ्या मागीलदारी काय पडलंय ते आठव. मी दिवाळीला आले होते तेव्हा सोडणांचा, नारळाच्या सालांचा, ढीग कमरेइतका होता, झावळ्या कुजत होत्या, पोफळीच्या विऱ्या तू गड्याला पैसे देऊन जाळायला लावल्यास. अगं, तेच तुझं आंघोळीचं पाणी आहे. न्हाणीतली जुनी चूल मोडली नसशील तर सारवून घे, वर हंडा ठेव. दहा-बारा सोडणं आणि मूठभर करवंट्या, एवढ्यात सगळ्यांचं पाणी तापतं. मी सकाळी उठल्यावर आधी चूल पेटवते, मग चहा ठेवते. चहा होईपर्यंत अण्णांचं पाणी तयार. सोडणं मात्र आत्ताच मांगरात भरून ठेव, मिरग लागला की ओली सोडणं नुसती धुमसतात. एकच सांगते, ही चूल न्हाणीतच, धूर बाहेर जाईल अशी. स्वयंपाकघरात चूल घालून गॅस वाचवायला जाऊ नकोस, अक्कांना खोकला आहे. धुराने तो वाढला तर वाचवलेल्या सिलिंडरचे पैसे औषधात जातील.

पंखे. तुझ्याकडचे जुने पंखे ७५ वॅटचे असणार. तीन पंखे दिवसाला चौदा तास, म्हणजे महिन्याला ९४ च्या आसपास युनिट. आता मिळतात त्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, पंख्याला साधारण ३० वॅट लागतात. किंमत अडीच-तीन हजार, म्हणून तिन्ही एकदम घेऊ नकोस. जो सगळ्यात जास्त फिरतो तो, अक्कांच्या खोलीतला, आधी बदल. आपल्याकडच्या उकाड्यात एक पंखा वर्ष-सव्वा वर्षात आपले पैसे परत देतो. त्या वाचलेल्या पैशांतून दुसरा. मी तिसरा पंखा यंदा पाडव्याला लावला.

मुंबईहून आणलेला फ्रीज बदलायची घाई नको. दारात कागद धरून दार लावून बघ. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय, ते शे-पाचशेत बदलून मिळतं. मागची जाळी खाऱ्या वाऱ्याने आणि धुळीने माखते, ती कोरड्या फडक्याने पूस आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढ.

आणि हे सगळं करायच्या आधी एक काम आज रात्रीच कर. घरातली सगळी बटणं बंद कर, फ्रीजचा प्लग काढ, पंपाचा स्टार्टर बंद आहे ना ते बघ, पण मेन स्विच चालू राहू दे. मग बॅटरी घेऊन मीटरसमोर पाच मिनिटं उभी राहा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बऱ्याच मीटरवर त्याच्याशेजारी ३२०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. काहीच चालू नसताना तो लुकलुकला तर वीज कुठून तरी गळतेय. आमच्याकडे लुकलुकत होता. वायरमनला बोलावलं, तर विहिरीच्या पंपाकडे जाणारी वायर मांगराच्या भिंतीत उंदरांनी सोललेली निघाली. ओल्या चिऱ्यातून वीज जमिनीत जात होती. दिवसाला दीड युनिट, किती महिने कोण जाणे! पैशांचं सोडच, त्या भिंतीला टेकून माझी नात अनवाणी खेळायची. त्याच दिवशी ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच, बसवून घेतला. तुझं घर बारा वर्षं बंद होतं, नलू. पाऊस लागायच्या आत हे बघच, बिलासाठी नाही तर पोरांसाठी.

पंपाचा विषय निघालाच आहे तर, तू लिहिलंस की रोज पंपात पाणी ओतावं लागतं. म्हणजे विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, पाइपाच्या तळाची झडप, गळतोय. पाणी उतरून जातं, पंप कोरडा फिरतो आणि युनिट मात्र पडत राहतं. दुरुस्ती किरकोळ आहे.

गीझर बंद, एक-दोन पंखे बदलले, गळती थांबली, एवढ्यावर तू दीडशेच्या आसपास येशील. माझं गेल्या महिन्याचं वाचन १४२. तुझं बिल दीड हजारापर्यंत उतरेल, म्हणजे महिन्याला दोन हजारांवर हातात राहतील. बिल तारखेपासून आठवड्याच्या आत भरलं तर आणखी एक टक्का सूट, कागदी बिल बंद केलं तर त्याचीही थोडी सूट. तेवढंही घे.

भाऊजी छपरावर सोलर बसवायचं म्हणतात. फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना आली आहे, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान. योजना चांगली आहे. तरी माझं मत विचारशील तर आधी वापर खाली आण. ३१८ युनिटांसाठी तीन किलोवॅट लागेल, १५० ला दीड-दोन पुरेल, उरलेले पैसे तुमचेच. शिवाय तुमचं छप्पर कौलारू, समुद्र हाकेवर. वादळात पत्रे उडताना मी पाहिलेत. सांगाडा कशावर उभा राहणार आणि तो गंजला तर कोण बघणार, हे लेखी घेतल्याशिवाय सही नको.

अक्कांच्या औषधांना महिन्याला बाराशे लागतात ना? गोळी कमी करायची नाही, एकही नाही. डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून माग आणि विचार की हेच जनऔषधी केंद्रातलं चालेल का. तिथे तेच औषध निम्म्याहून कमी किमतीत मिळतं, काही तर त्याहूनही स्वस्त. अण्णांचे अकराशेचे तीनशेच्या आत आले. डॉक्टरांना न विचारता मात्र बदलू नकोस. आणि गोळ्यांची पट्टी तुझ्या हातात ठेव, रोज मोजून दे. म्हातारी माणसं घरातली कुजबूज ऐकत असतात.

फोनचं थोडक्यात. २८ दिवसांचं रिचार्ज मारतेस म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा होतात. घरात चार फोन, म्हणजे वर्षाला चार रिचार्ज जास्तीचे. वर्षाचं एकदम परवडलं तर बघ, नाहीतर अक्कांच्या साध्या फोनला इंटरनेटचं पॅक कशाला?

आता बेगमी, कारण हातात तीन आठवडेच आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मग तू बाजारात मिळेल त्या भावाने घेणार. मी दर वर्षी शेजारच्या दोघींना घेऊन हर्णैच्या बंदरावर जाते. लिलावात एकटीला पाटी परवडत नाही, तिघींना परवडते. तिथून आणून बांगडे खारवायचे, जवळा आणि बोंबील खळ्यात वाळवायचे, पण दोन कडक उन्हं जास्त द्यायची, नाहीतर आषाढात डब्यात अळ्या होतात. तुझ्याकडे वेळणेश्वरच्या बाजूला विचारून बघ. रातांबे तर तुझ्या परसात सडा पडून जातात आणि तू आमसुलं दुकानातून पाव किलोने आणतेस! सालं काढ, रस आणि मिठाचे पुट देत सात उन्हं वाळव. बिया टाकू नकोस, त्यांचं मुठेल, घट्ट तेल, निघतं. अक्कांच्या टाचांना तू जी ट्यूब आणतेस, तिच्यापेक्षा ते किती तरी बरं. नारळ घाण्यावर नेऊन तेल काढून आण. कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, फणसाची साटं अक्कांना विचार. त्यांना हे सगळं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त येतं, आणि मला वाटतं त्यांना कुणीतरी विचारावं असं वाटतही असेल. तू त्यांच्या ताटातलं काढलंस, आता त्यांच्या हातात काम आणि मान दे. खळ्यात खुर्ची टाकून त्यांना बसव, त्या सांगतील आणि तू कर.

दूध पुन्हा पूर्ववत घे. पेपरही चालू कर, भाऊजींची नोकरी गेली आहे, सकाळचा तेवढा अर्धा तास त्यांचा राहू दे.

येत्या बुधवारी इकडे ये. चिपळूणवरून वळसा घालू नकोस, धोपाव्याला येऊन फेरीबोटीने दाभोळला उतर, तिथून एसटी. आपल्याला बायकांना गेल्या वर्षीच्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे आणि अक्का पंचाहत्तरीच्या वरच्या, त्यांना एसटी फुकटच, म्हणून त्यांनाही आण. आधार कार्ड विसरू नकोस. अण्णा त्यांची फार आठवण काढतात. हर्णैला संध्याकाळच्या लिलावाला आपण सगळेच जाऊ.

तुझी,
कुंदा

ता. क. – मीटरचं आज रात्रीचं आणि उद्या सकाळचं वाचन, दोन्ही कागदावर लिहून आण. आणि सोबत दोन रिकाम्या बरण्या, रातांब्यांचं आगळ काढून ठेवलंय.