सूचना : वाचन-शुद्धलेखनाच्या संगणक सरावाची चाचणी

सप्रेम नमस्कार. डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं शिकताना येणारी अडचण) असलेल्या आपल्या मुलांसाठी संगणकावरचा सराव या रविवारी सकाळी १० वाजता रामबागेतल्या नेहमीच्या जागी सुरू होतोय. संमतीपत्र भरून आणा, हेडफोन मुलाचा स्वतःचा असू द्या.

निम्मी मुलं आधी सराव करतील, निम्मी नंतर. कोण आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. कृपया वशिला लावू नये. नुसतं वय वाढल्यानेही वाचन थोडं सुधारतंच, तेव्हा थांबलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय फरक सरावाने पडला की आपोआप, हे कळणार नाही. दोन्ही गटांची आधी आणि नंतर तपासणी होईल. तीत सरावात न आलेले शब्दही असतील, कारण पडद्यावर पाठ झालेले शब्द ओळखणं म्हणजे वाचन नव्हे. वेग आणि चुका वेगवेगळ्या मोजू.

इंदूरची आपली बहुतेक मुलं घरी मराठी, शाळेत हिंदी. शाळेतलं ‘कवि’ घरी ‘कवी’ होतं. म्हणून सध्या सराव आणि तपासणी फक्त हिंदीत. मराठीचा आग्रह असलेल्या आजी-आजोबांनी थोडं सबुरीने घ्यावं!

मूल अडलं तर शेजारून उत्तर सांगू नका, माऊसला हात लावू नका. ‘परीक्षा’ हा शब्द घरात नको. शाळेतली विशेष शिकवणी सुरूच ठेवायची आहे. शाळेच्या सवलतींसाठी लागणारं प्रमाणपत्र या चाचणीतून मिळणार नाही, त्याची प्रक्रिया वेगळी आहे. मुलाला मधेच सोडावंसं वाटलं, तर सोडता येईल.