जुने मोबाइल ड्रॉवरमधून बाहेर काढा, पण नीट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात नव्या फोनच्या, टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात, पण घरातल्या जुन्याचं काय करायचं ते कुठेच वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. बंद पडलेले दोन-तीन मोबाइल, तुटके चार्जर, वायरींचा गुंता, एकच चालू असलेला इयरफोन, असा एक ड्रॉवर जवळपास प्रत्येक घरात असतो. लागेल कधीतरी म्हणून ठेवतो आणि लागत तर कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे फक्त 22.3 टक्क्यांची. बाकीचा घरात पडून, साध्या कचऱ्यात किंवा भंगारात.

पडून राहिला तर बिघडलं कुठे, असं बरेच जण म्हणतात. बिघडतं ते बॅटरीमुळे. जुन्या फोनचं मागचं कव्हर जरा उचललेलं दिसलं किंवा स्क्रीनची एक कड वर आली तर समजायचं की आत बॅटरी फुगलीये, तो फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून परत बसवायचा नाही, टोचायचा तर अजिबातच नाही. अशी लिथियमची बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात गेली आणि गाडीत दाबली गेली की आग लागते, आणि त्या आगीजवळ असतात सफाई कामगार, आपण नाही. माझ्या मते बाकी काही जमलं नाही तरी एवढं तरी प्रत्येकाने पाळावं.

दुसरं म्हणजे वस्तू फोडून, सुटी करून विकू नका, अख्खी द्या. तांब्यासाठी वायरी जाळतात तेव्हा वरच्या प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखं विष हवेत जातं, सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात आणि उरलेलं ॲसिड जमिनीत ओततात, जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, फ्रिजची नळी कापली की गॅस सरळ बाहेर. हे काम उघड्या हातांनी करणारी माणसं असतात आणि त्यात लहान मुलंही असतात हो, हे वाचून झोप लागत नाही. आणि खरं तर माल किंमती आहे! टोकियो ऑलिंपिकची सुमारे 5 हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूपासून बनवली, दोन वर्षांत जवळपास 79 हजार टन वस्तू जमल्या आणि त्यातून 32 किलो सोनं निघालं. म्हणजे नीट गोळा केलं की होतं.

लोक फोन देत नाहीत त्याचं मोठं कारण फोटो आणि बँकेचे मेसेज, आणि ती भीती रास्तच आहे. पण म्हणून फोनवर हातोडा मारू नका, आत बॅटरी असते. बॅकअप घ्या, सगळ्या अकाउंटमधून साइन आउट करा, फॅक्टरी रीसेट मारा, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचं वेगळं आहे, नुसतं डिलीट करून डेटा जात नाही, तो पुसायचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. आणि जे चालूच होत नाही ते देताना डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट मागा, अधिकृत रिसायकलरकडे ते मागता येतं, लाजायचं कशाला.

आणि चालू असेल तर आधी कुणाला तरी वापरायला द्या, दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करा, रिसायकलिंग त्यानंतर.

आपल्याला एकच विनंती, महिन्यातून एकदा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रांचे पत्ते आणि वेळा छापा, आणि शक्य झालं तर त्या नव्या फोनच्या जाहिरातीच्या शेजारीच छापा.

आपला,
एक नियमित वाचक