क्ले चिप्स धुणे व नवी लेबलं : सभासदांना सूचना

मंडळी, रविवारी सकाळी ९ वाजता क्लबात पोकरच्या क्ले चिप्स (डावात पैशांऐवजी वापरतो त्या चकत्या) धुवायच्या आहेत. जुना मऊ टूथब्रश आणि सुती फडकं आणा. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, एकेक चिप हलक्या हाताने घासून लगेच पुसायची. बादलीत भिजत घालू नका. ॲसिटोन तर अजिबात नको, रंग जातो. वाळवण पंख्याखाली. जळगावच्या उन्हात पापड वाळतात, चिप्स वाकतात! जुनी लेबलं सोलून गोंद पूर्ण काढा. नवं लेबल चिप कोरडीठाक झाल्यावरच, मधल्या खळग्यापेक्षा किंचित लहान कापून लावायचं, नाहीतर कड उचकटते. ज्या चिप्सवर चिकटवलेलं लेबल नसून चित्र साच्यातच दाबलेलं आहे, त्या उकरू नका. आणि शेवभाजी खाल्ल्यावर हात धुऊनच डावाला बसत चला, तर्रीचे डाग ओळखू येतात.