तरुण संघाच्या ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं काम पाहणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघडं ठेवतोय, कारण तुम्ही शिकवलेलं नव्याने जबाबदारी घेणाऱ्या पोरापोरींच्या हाती पडलं पाहिजे.

मंडळीत सगळे एकमेकांचेच, मग कागद कशाला, असं कमिटीत कुणीतरी म्हणतंच. सेवेतली भांडणं बहुतेक वेळा दुष्टपणातून उठत नाहीत, 'मला वाटलं ते तू बघणार' यातून उठतात, हे तुम्ही समजावलंत. प्रत्येक जबाबदारीसाठी एक पानाचा कागद हवा, हा तुमचा आग्रह. त्यात पाच गोष्टी: काम कोणतं, स्वतःच्या अधिकारात काय ठरवायचं, काय विचारून करायचं, हिशेब कुणाला द्यायचा आणि मुदत किती. गाणी कोणती आणि सराव कधी, हे संगीत पाहणाऱ्याने ठरवावं. 500 रुपयांपर्यंतची खरेदीही त्यानेच करावी. त्यापुढे खजिनदाराला विचारावं. मुदत एक वर्षाची, फार तर दोनदा. मुदत लिहिलेली नसली की थकलेला माणूस सुटकेसाठी भांडणाचं निमित्त शोधतो, आणि न थकलेला खुर्ची सोडत नाही.

पाळकसाहेब आणि तरुण पुढारी यांनी दर पंधरा दिवसांनी अर्धा तास बसावं, हेही तुमचंच. रविवारच्या उपासनेनंतर नको, तेव्हा पाळक दमलेले असतात आणि दाराशी माणसं खोळंबलेली असतात. आठवड्यातली एखादी संध्याकाळ बरी. प्रश्न तीनच: काय झालं, कुठे अडलं, माझ्याकडून काय हवं. संघातली अडचण पाळकांच्या कानावर आधी पुढाऱ्याकडूनच गेली पाहिजे, पंचांकडून नव्हे. आणि पुढाऱ्याची चूक पाळकांनी पोरांसमोर काढू नये. दोघांपैकी एकाने जरी हे मोडलं, तरी विश्वास पुन्हा बसायला फार वेळ जातो.

सगळ्यात मोठे आभार भांडणाच्या शिकवणुकीसाठी. बायबलातल्या मत्तय 18 मधला, चुकलेल्या भावाला समजवायचा क्रम आपण पाठ म्हणतो: आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एकदोघांना बरोबर ने, मग मंडळीला सांग. व्यवहारात नेमकी पहिली पायरी गाळली जाते, आणि ती कुठे गळते हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्याचं जरा बिनसलंय' असं म्हणत तक्रार चार घरं फिरते. ज्याच्याबद्दल ती असते, त्याला सगळ्यात शेवटी कळते. तुमचा नियम साधा आहे: ज्याचं नाव घ्यायचं त्याला विचारल्याशिवाय प्रार्थनेची विनंती पुढे सांगायची नाही. व्हॉट्सॲप गटावर फक्त वेळ, जागा आणि गाण्यांची यादी. नाराजी तिथे टाकायची नाही. दोन दिवसांच्या आत समोरासमोर बसायचं आणि घडलेलं तेवढंच बोलायचं. 'तू नेहमीच उशीर करतोस' यावर माणूस बचाव करतो. 'सराव सहाला होता, तू साडेसहाला आलास, तीस मिनिटं सगळे बसून राहिले' यावर बहुधा कारण सांगतो. ते कारण पुष्कळदा कापूस वेचणीचं किंवा चुकलेल्या एसटीचं निघतं.

पण हा क्रम कुठे लावायचा नाही, हे तुम्ही जितक्या ठामपणे सांगितलंत तितकं क्वचितच कुणी सांगतं. मुलाला किंवा मुलीला इजा झाल्याचा विषय 'भाऊ चुकला, एकांतात समजवा' अशा समेटाचा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला संरक्षण आहे. अशा अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. मंडळीची अब्रू हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही. मूल सांगत असेल तर ऐकून घ्यायचं, त्याचेच शब्द लिहून ठेवायचे, फिरून फिरून विचारायचं नाही, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, आणि आरोप असलेल्या माणसासमोर त्याला कधीच उभं करायचं नाही. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक प्रत्येक शिबिरात भिंतीवर लावायचा. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं, बंद दाराआड एकटं कुणीच नाही. हा नियम सेवकाचंही रक्षण करतो.

आपल्या भागाचं तुम्ही नीट ओळखलंत, याचं आम्हाला फार अप्रूप. नवापूर, अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या आसपास परततात. तिथल्या पुढाऱ्याला 'सेवा सोडून गेला' म्हणणं अन्याय आहे. म्हणून तुम्ही जोडीची पद्धत घातलीत: दोन पुढारी, त्यातला एक वर्षभर गावात राहणारा, आणि जाण्याआधी वही, चाव्या नि शिल्लक रक्कम दोघांच्या सहीने एकमेकांकडे. शिबिर मे महिन्यात असेल तर सत्रं सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 पर्यंत चढतो, आणि तिसऱ्या दिवशीची निम्मी चिडचिड तहान नि अपुऱ्या झोपेची असते. तेव्हा आधी पाणी नि झोप बघायची, मग स्वभावाचा विचार.

भाषेचंही तसंच. बैठक पुस्तकी मराठीत चालली की मावची, भिलोरी किंवा अहिराणी बोलणारी पोरं गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं म्हणजे होकार असं लिहिलं जातं. तुम्ही 'तुले काय वाटस?' एवढंच विचारायला लावलंत आणि उत्तर त्याच्या भाषेत येऊ द्यायला सांगितलंत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं म्हणून कुरकुर उठली, आणि त्या कामासाठी निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक होती. ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप आलं. पाड्यावरची पोरं म्हणतात शिबिरं शहरातच होतात, तर पुढच्या शिबिराची जागा त्यांनीच ठरवायची, हे आम्ही तिथूनच घेतलं.

पैशाचं थोडक्यात: दानपेटी दोघांनी मिळून मोजायची, दोघांची सही, त्याच दिवशी खजिनदाराकडे. बिलं सात दिवसांत. प्रेषित पौलानेही मदतीची रक्कम नेताना बरोबर इतर भाऊ घेतले होते, आपण तर घ्यायलाच हवेत.

आणि जे बाजूला होतात त्यांच्याबद्दल तुम्ही बोललात, त्यासाठी वेगळे आभार. मार्क या तरुण सोबत्याला बरोबर न्यावं की नाही यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात इतकं वाजलं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. पुढे पौलानेच तीमथ्याला लिहिलं की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. म्हणून कुणी संघ सोडला तर त्याच्याशी तासभर बसून विचारायचं: काय चांगलं होतं, काय सलत होतं, कोणतं काम अर्धवट राहिलंय. त्याचं म्हणणं त्याच्यासमोर लिहायचं, गटातून नाव काढण्याआधी त्याला सांगायचं, आणि नाताळच्या गाण्यांच्या फेरीला त्याच्या घरीही जायचं.

आपले,
तरुण संघांचे सेवक व सेविका, खानदेश