गाडी रस्त्यात असताना फाटक लावू नका

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी निफाड तालुक्यातला कांदा व्यापारी. लासलगावच्या लिलावात माल घ्यायचा, खळ्यावर निवडून गोण्या भरायच्या आणि गाडी बांगलादेशच्या हद्दीकडे लावायची, हा माझा धंदा. पश्चिम बंगालमधले सीमानाके, पेट्रापोल काय किंवा घोजाडांगा काय, इथून जवळपास दोन हजार किलोमीटर. गाडीला चार-पाच दिवस लागतात. कांदा निर्यातबंदीचा आदेश मात्र एका संध्याकाळी निघतो.

१४ सप्टेंबर २०२० ला तो निघाला, तेव्हा माझ्या दोन गाड्या घोजाडांग्याच्या रांगेत होत्या. भादव्याची दमट हवा. ताडपत्री काढावी तर पाऊस, ठेवावी तर माल वाफेवर. खालच्या गोण्यांतून पाणी गळायला लागले तेव्हा ड्रायव्हरने फोन केला, "शेठ, आता वासानेच माणसं लांब पळतात." मिळेल त्या भावाने माल तिथेच फुंकला.

त्याच्या आदल्या वर्षीही सप्टेंबरातच बंदी आली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत हसत म्हणाल्या होत्या, की आपण आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको असे सांगितले आहे. बंदी घालायचीच तर आधी कळवत जा, असेही त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक इतक्या सौम्यपणे तक्रार करते, हेच नवल.

पुढे २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क १ एप्रिल २०२५ पर्यंत राहिले. अशा हिशेबात सौदा कोणी कोणत्या भरवशावर करायचा? ढाक्याचा आयातदार मग पाकिस्तान, चीनकडेही बघतो. बांगलादेशचे सरकारही आयात परवाने कधी देते, कधी थांबवते. पण त्यांना पत्र लिहून माझा उपयोग नाही.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार आपण २०१६ मध्ये मान्य केला, २०१७ मध्ये तो लागू झाला. नाशवंत माल लवकरात लवकर सोडावा, नियम बदलण्याआधी संबंधितांना कळवावे, असे त्यात आहे. शुल्क आणि बंदीला त्यातून पळवाट निघते, हे मला ठाऊक आहे. विकसनशील देशांना काही कलमांसाठी जादा मुदत आणि बाहेरची मदतही मिळते. स्कॅनर, गोदामे, रस्ते यांना पैसा लागतो, हे समजू शकतो. पंधरा दिवस आधी सांगायला कोणाची मदत लागते?

शहरात कांदा महागला की सरकारला पाऊल उचलावे लागते, त्यावर माझा वाद नाही. पण अशा वेळी फार तर कस्टमच्या ताब्यात गेलेला माल सुटतो. रायपूरजवळ धावणारी गाडी कोणाच्याच खिजगणतीत नसते. आदेशाआधी भरलेली प्रत्येक गाडी पार जाऊ द्या. बिल्टीवर, म्हणजे माल भरल्याच्या वाहतूक पावतीवर, तारीख असते, ती ग्राह्य धरा. खोट्या बिल्ट्या निघतील अशी शंका असेल, तर फास्टॅगच्या नोंदी तपासा. कुठल्या टोलनाक्यावरून गाडी किती वाजता गेली, ते सरकारकडेच आहे.

कळावे,
लासलगाव बाजारातला एक कांदा व्यापारी