बापाचा सत्कार मुलांच्या मार्कांवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनचा तिसरा रविवार, म्हणजे ‘फादर्स डे’, जवळ आला की ‘आदर्श पिता’ पुरस्कारांच्या पत्रिका फिरू लागतात. बापाचे कौतुक चारचौघांत व्हावे, हे फार चांगले. पण मुलगा डॉक्टर झाला, मुलगी आयआयटीत गेली म्हणून बाप आदर्श, असा निकष लावला तर तो सत्कार मुलांचा होतो. बापाने स्वतः काय केले, ते कोणी विचारतच नाही.

ते विचारायला एक पानाचा अर्ज पुरतो. त्यात पगार, पद, मुलांची टक्केवारी नकोच. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लशीला बाळाला कोणी नेले? रोजी बुडवून पालकसभेला कोण गेले? आई आजारी असेल तर सकाळचा डबा कोण करतो? मुलाच्या वर्गशिक्षकाचे आणि दोन जिवलग मित्रांचे नाव बापाने स्वतः लिहावे, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. या शेवटच्या प्रश्नावर भलेभले अडतात आणि एखादा हमाल झटकन उत्तर देतो.

वेळेचीही अडचण आहे. तिसरा रविवार १५ ते २१ जूनच्या दरम्यान येतो आणि विदर्भातल्या शाळा त्यानंतर उघडतात. जूनमध्ये शाळांमार्फत नावे मागवली तर मिळणार कोठून? मग ओळखीपाळखीतली नावे भरली जातात. म्हणून अर्ज मार्चमध्येच वाटावेत आणि घरभेटी एप्रिलमध्ये उरकाव्यात. मे लागला की निम्मी घरे गावी गेलेली असतात. नावे सुचवायला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि वर्गशिक्षक यांच्याइतके जवळचे कोणी नाही. अर्जासोबत ‘नोंदणी शुल्क’ तर अजिबात घेऊ नये. रोजंदारीवरचा माणूस तिथेच गळतो.

घरभेटीला दोघांनी जावे, त्यात एक बाई हवीच. तिने मुलांच्या आईशी स्वतंत्रपणे, स्वयंपाकघरात बसून बोलावे. बाहेर समाजसेवक आणि घरात हात उचलणारा, असा माणूस कागदावर कधीच सापडत नाही. आईचा मनापासून होकार नसेल तर नाव तिथेच थांबवावे. मुलांनाही बापासमोर काही विचारू नये.

आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले पुष्कळ आहेत. आईबाप दोघेही ‘एएस’ (म्हणजे आजाराचे वाहक) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ (म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण) असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणजे दोष एकट्या आईचा नसतो, तरी बोल तिलाच लागतो. नातेवाइकांसमोर ‘माझाही रिपोर्ट तसाच आहे’ असे सांगणारा बाप बायकोच्या डोक्यावरचे केवढे ओझे उतरवतो! शरीरात पाणी कमी पडले की या मुलांचे हातपाय असह्य दुखू लागतात. शाळा उघडताच वर्गशिक्षकांना गाठून, ‘हिला बाटली बाकावर ठेवू द्या, लघवीला जाऊ द्या, उन्हात उभी करू नका’ अशी विनंती करणारा, औषधाची तारीख न चुकवणारा, रक्त लागेल म्हणून चार दाते आधीच सांगून ठेवणारा माणूस कोणत्याही गुणवत्ता यादीत येत नाही. माझ्या मते पहिला मान त्याचा.

शाळा व्यवस्थापन समितीतही असे बाप सापडतील. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे ७५ टक्के सदस्य पालक असतात. मुलींच्या शौचालयाला कडी नाही, नळाला पाणी नाही, हे बैठकीत पुन्हापुन्हा मांडून काम करून घेणाऱ्याची नोंद इतिवृत्तात असते. ते मागून वाचावे.

समारंभाची वेळ ठरवताना हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या पाळ्या विचाराव्यात. रविवारीही कामावर जाणारे अनेक आहेत. शाल-श्रीफळ थोडे कमी करून बुडालेली रोजी आणि येण्याजाण्याचे भाडे द्यावे. पाहुण्यांची भाषणे दोनच ठेवावीत आणि मानपत्रात ‘त्यागमूर्ती’ वगैरे विशेषणांऐवजी प्रत्यक्ष केलेले काम लिहावे. दत्तक किंवा सावत्र मुलांचे नाते घरच्यांच्या संमतीशिवाय मंचावरून सांगू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, हे छायाचित्रकारालाही आधीच बजावावे.

आयोजक मंडळांनी पुढच्या वेळी पत्रिकेआधी निकष छापावेत आणि आपल्या दैनिकाने ते मार्चमध्येच प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर