खोल डाइव्हआधी रेग्युलेटर तपासणी: शुक्रवार, संध्या. 6

मंडळी, रविवारची डाइव्ह 60 मीटरची आहे. शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता सगळे रेग्युलेटर (सिलिंडरमधला वायू श्वासायोग्य दाबाला आणणारं उपकरण) घेऊन वर्कशॉपमध्ये या. डेको सिलिंडरचेही (वर येताना थांब्यांवर श्वासासाठी वापरायचा सिलिंडर) आणा, नेमके तेच घरी राहतात.

- फर्स्ट स्टेजचा (सिलिंडरला जोडलेला भाग) मधला दाब, म्हणजे तिथून होजमध्ये जाणारा दाब, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत हवा, बहुतेक मॉडेलना साधारण 9 ते 10 बार. गेजचा काटा स्थिर न होता चढतच राहिला, तर सीट (आतली झडप घट्ट बंद करणारा भाग) खराब झाली समजा. असा रेग्युलेटर पाण्यात जाणार नाही.
- खाली श्वास हलका लागावा म्हणून दाब मनाने वाढवू नका. सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) फ्री-फ्लो होऊ शकते, म्हणजे वायू आपोआप वाहत राहतो, आणि 60 मीटरवरच्या 7 बार दाबात सिलिंडर बघता बघता रिकामा होतो.
- ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला सिलिकॉन ग्रीस नको.

जुळवणी फक्त प्रशिक्षित तंत्रज्ञच करतील.